कॉफी एकाच घोटात कडू पण आणि आंबट पण? नवीन मशीन घ्यायच्या आधी हे तपासून बघा

ओळखीत कुणाची कॉफी बिघडली की मला फोन येतो आणि तक्रार जवळजवळ शब्दशः तीच असते, बिया चांगल्या आणल्या, व्हिडिओत दाखवतात तसं सगळं केलं, तरी कॉफी एक दिवस सुरेख होते आणि दुसऱ्या दिवशी तोंडात धरवत नाही. पुढचा प्रश्नही ठरलेला, "आता कुठलं मशीन घेऊ?" हे दुखणं मी इतक्या स्वयंपाकघरांत उभी राहून शोधलंय की तपासायचा क्रम आता हातात बसलाय, तोच इथे लिहितेय. आधीच सांगते, बहुतेक वेळा मशीन निर्दोष निघतं आणि दोष दळणात सापडतो. पण दळणाला हात घालायच्या आधी काही फुकटातल्या गोष्टी बघायच्या असतात, त्या गाळल्या तर नवा ग्राइंडर आणूनसुद्धा तेच रडगाणं चालू राहतं.

लक्षणं

मुख्य लक्षण हे की घोट घेतला की आधी आंबट झणका येतो आणि गिळल्यावर मागे कडवट, तुरट, तोंड कोरडं पडल्यासारखं राहतं, म्हणजे दोन्ही दोष एकाच कपात. त्याच्या जोडीला यातलं काही दिसतंय का बघा:

- रोज तेच माप आणि तेच पाणी, तरी चव रोज वेगळी.
- पेपर फिल्टरमध्ये पाणी तुंबतं, तीन मिनिटांत उतरायचं ते पाच-सहा मिनिटं घेतं.
- फ्रेंच प्रेसच्या (जाळीचा दट्ट्या असलेल्या भांड्याच्या) तळाला चिखल साचतो, शेवटचे दोन घोट ओतून द्यावे लागतात.
- मोका पॉट (गॅसवर ठेवायचं, वाफेच्या दाबाने चालणारं भांडं) फुरफुरत कॉफी उडवतो आणि करपट वास येतो.
- एस्प्रेसोचा शॉट (मशीनच्या दाबाने काढलेली घोटभर दाट कॉफी) एक दिवस १५ सेकंदांत पाण्यासारखा पळतो, दुसऱ्या दिवशी त्याच सेटिंगवर थेंब थेंब गळतो.

कॉफी रोज फक्त कडू किंवा रोज फक्त आंबट लागत असेल तर काम खूपच सोपं आहे. फक्त आंबट आणि पाणचट असेल तर थोडं बारीक दळा, पाणी जास्त गरम घ्या, वेळ वाढवा. फक्त कडू असेल तर याच्या उलट. दोन दिवसांत सुधारेल. दोन्ही एकत्र असेल तर मात्र कुठलीही एक सेटिंग फिरवून ते जात नाही, आणि ते का जात नाही हे एकदा नीट कळलं की पुढचं सगळं तुम्हालाच सुचायला लागेल.

भाजलेल्या कॉफी बीच्या वजनापैकी साधारण ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. पण तो सगळा कपात यावा असं आपल्याला नको असतं, १८ ते २२ टक्के उतरला की चव बसते. हे आकडे आजचे नाहीत, १९५० च्या दशकात अमेरिकेत अर्नेस्ट लॉकहार्ट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने यावर पद्धतशीर काम केलं आणि त्याचा तक्ता थोड्याफार फरकाने अजून वापरात आहे. पाणी कॉफीतून सगळं एकदम काढत नाही. आधी आंबटपणा उतरतो, मग गोडवा, आणि कडू-तुरट भाग सगळ्यात शेवटी. आता समजा तुमच्या पुडीत अर्धे कण जाडे आणि अर्धी धूळ आहे. पाणी दोघांनाही तेवढाच वेळ भेटतं. जाड्या कणांतून फक्त आंबट भाग निघतो कारण पाणी आत पोचायच्या आधीच वेळ संपते, आणि धुळीतून तळागाळातला कडवटपणासुद्धा ओढून निघतो. दोन्ही एका कपात. म्हणून बारीक दळलं की कडू वाढतं आणि जाड दळलं की आंबट वाढतं, आणि माणूस हैराण होऊन मशीनला दोष देतो.

आता तपासण्या. क्रम मोडू नका, सगळ्यात स्वस्त आणि सोपं ते आधी आहे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

१. नाक लावून बघा

ग्राइंडरचं झाकण उघडा, आत नाक घाला. तसंच प्रेसच्या जाळीला, मोका पॉटच्या वरच्या भांड्याला, ड्रिप मशीनच्या टोपलीला, थर्मासच्या झाकणाच्या आतल्या बाजूला. जुन्या तेलासारखा खवट वास आला तर निम्मं उत्तर मिळालं. कॉफीत तेल असतं, ते प्रत्येक वेळी थोडं थोडं चिकटून राहतं, हवेने खवट होतं आणि पुढच्या ताज्या कॉफीत उतरतं. नुसत्या पाण्याने विसळून ते जात नाही. जाळीचे सगळे भाग सुटे करून साबणाच्या गरम पाण्यात घासा, नीट खळखळून धुवा, वाळवा. मोका पॉट ॲल्युमिनियमचा असेल तर साबण हलका घ्या आणि डिशवॉशरमध्ये घालू नका, तो काळा पडतो.

ग्राइंडरला पाणी लावायचं नाही. प्लग काढून कोरड्या ब्रशने साफ करायचा. तांदूळ दळून ग्राइंडर साफ करायचा सल्ला बरेच जण देतात, मी देत नाही, तांदूळ कॉफीपेक्षा कडक असतो, मोटरवर ताण येतो आणि काही कंपन्या तशी स्पष्ट मनाईच करतात.

२. चमचा बाजूला ठेवा, वजन करा

हे ऐकून लोक हिरमुसतात, पण रोज चव बदलण्याचं सगळ्यात साधं कारण हेच असतं. जास्त भाजलेली बी फुगलेली आणि हलकी असते, कमी भाजलेली घट्ट आणि जड. त्यामुळे एकाच चमच्यात एका पाकिटाची ८ ग्रॅम येते आणि दुसऱ्याची १० ग्रॅमसुद्धा येऊ शकते. तुमचा हात तोच, माप तेच, कॉफी मात्र वेगळी. घरात स्वयंपाकाचा वजनकाटा असेल तर तोच घ्या. स्पेशालिटी कॉफी असोसिएशन या आंतरराष्ट्रीय संघटनेचं प्रमाण लिटरला ५५ ग्रॅम आहे, थोडं इकडेतिकडे चालतं, म्हणजे २५० ग्रॅम पाण्याला साधारण १४ ते १५ ग्रॅम कॉफी. पाणीही कपाने नाही, काट्यावर मोजा. एस्प्रेसोला मात्र ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतो, तिथे एका ग्रॅमने शॉट पाच-सात सेकंदांनी हलतो.

एक आठवडा फक्त एवढं करा, बाकी काही बदलू नका. चव रोज सारखी यायला लागली, मग ती वाईट का असेना, तर मोठी पायरी चढलात, कारण सातत्याने वाईट असलेली कॉफी दुरुस्त करता येते, रोज नवीन रूप घेणारी नाही.

३. पाकिटावरची तारीख

एक्सपायरीची नाही, भाजल्याची तारीख बघा. भाजल्यावर बीत कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो, तो हळूहळू निघत राहतो. अगदी दोन दिवसांची कॉफी असेल तर इतका गॅस येतो की पाणी नीट भिजवूच शकत नाही, आणि फार जुनी असेल तर गॅसबरोबर सुवासही गेलेला असतो. तपासायचं कसं, तर पुडीवर तिच्या वजनाच्या दुप्पट गरम पाणी घाला आणि ३० ते ४५ सेकंद थांबा. पूड फुगून बुडबुडे आले तर जीव आहे. ओल्या मातीसारखी शांत बसून राहिली तर ती कॉफी कुठल्याच मशीनमध्ये खुलणार नाही. दळून आणलेली पूड तर याहून लवकर उतरते, कारण दळल्यावर हवा लागणारा पृष्ठभाग कितीतरी पट वाढतो. भाजल्यापासून एक आठवडा ते महिना-दीड महिना यामधली कॉफी मी स्वतः वापरते, फार हलकी भाजलेली असेल तर अजून थोडी थांबते.

४. पाणी बदलून एक कप

कपातलं ९८ टक्क्यांहून जास्त तर पाणीच असतं, तरी ते कुणी तपासत नाही. एका मैत्रिणीकडे आम्ही सगळं तपासून दमलो होतो, शेवटी नळाचं पाणी सोडून एक दिवस बाटलीतल्या पाण्याने केली आणि ती म्हणाली अगं ही वेगळीच कॉफी आहे. पाणी फार जड असेल, क्षार जास्त असतील, तर ते कॉफीतला आंबटपणा मारून टाकतं आणि चव खडूसारखी सपाट होते. उलट आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी इतकं रिकामं असतं की कॉफी टोचरी आंबट आणि पोकळ लागते. सर्वसाधारण शिफारस अशी की विरघळलेले घटक लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास असावेत, ७५ ते २५० मध्ये चालतं. मीटर नसेल तर हरकत नाही, दोन वेगळी पाणी घेऊन एकाच दळणाचे दोन कप करा आणि शेजारी ठेवून प्या, फरक असला तर लगेच जाणवतो. आरओ फार रिकामं वाटलं तर त्यात थोडं साधं पिण्याचं पाणी मिसळून बघा.

किटलीत पांढरा थर दिसतो का? तोच थर ड्रिप मशीनच्या आणि एस्प्रेसोच्या नळ्यांतही असणार. तो उष्णता अडवतो आणि पाण्याची वाट अरुंद करतो. सायट्रिक ॲसिडचं पातळ द्रावण किंवा कंपनीचं डिस्केलर (क्षाराचा थर काढायचं औषध) मॅन्युअलमध्ये दिलंय तसंच चालवा आणि नंतर दोन-तीन वेळा नुसतं पाणी सोडा. ॲल्युमिनियमच्या भागांना आम्ल चालतं का ते आधी मॅन्युअलमध्ये बघा.

५. तापमान

९० ते ९६ अंश सेल्सिअस एवढं धरा. हलकी भाजलेली असेल तर वरच्या टोकाला, गडद असेल तर खालच्या. लोक ऐकीव सल्ल्याने उकळी आल्यावर पाच मिनिटं थांबतात आणि मग थंड किटलीतून थंड फिल्टरमध्ये ओततात, तोवर पाणी ८० वर आलेलं असतं आणि कॉफी आंबट. फिल्टर आणि भांडं आधी गरम पाण्याने विसळून घ्या, कागदाचा वासही जातो. उंचावर राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट, दर ३०० मीटरला पाणी जवळपास एक अंश आधी उकळतं, म्हणजे १५०० मीटरवर उकळी ९५ लाच येते, तिथे अजिबात थांबायचं नाही, उकळलं की ओतायचं.

ड्रिप मशीन असेल तर कॉफी न घालता नुसतं पाणी चालवा आणि टोपलीत पडणारं पाणी थर्मामीटरने मोजा, वाफेपासून हात जपून. सुरुवातीला थोडं कमी असू शकतं पण नंतरही ८५ च्या पुढे जात नसेल आणि डिस्केल करूनही जात नसेल, तर हा मशीनचा खरा दोष आहे. सगळ्या तपासण्यांत मशीन दोषी ठरायची ही पहिली वेळ, आणि मला ती क्वचितच दिसते.

६. पांढऱ्या कागदावर दळण

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. रोजची पूड चिमूटभर पांढऱ्या कागदावर टाका, बोटाने पसरवा आणि उजेडात बघा. कण साधारण एकसारखे दिसतात का? की मोठे तुकडे, मधले, आणि त्यावर पिठासारखी धूळ? कागद झटका, बोटांना वस्त्रगाळ पूड चिकटून राहिली तर धूळ बरीच आहे. थोडी धूळ प्रत्येक ग्राइंडर करतो, अगदी महागडासुद्धा, बी भाजल्यावर ठिसूळ होते आणि फुटताना चुरा होणारच. प्रश्न किती याचा आहे.

पात्याचा ग्राइंडर असेल, म्हणजे मिक्सरसारखं पातं गरगर फिरतं तो, तर उत्तर इथेच मिळालं. पातं दळत नाही, तोडतं, आणि जे समोर येईल ते तोडतं. पात्याजवळच्या कणांची धूळ होते, कडेला उडालेले तसेच राहतात. जाड की बारीक हे ठरवायची सोयच नसते, फक्त किती वेळ फिरवायचं एवढं हातात असतं. बर ग्राइंडर म्हणजे सरळसरळ जातं. दोन दातेरी चकत्या, मध्ये ठरावीक फट, त्या फटीतून जाईल एवढा कण होईपर्यंत बी बाहेर पडत नाही. वरची तळी उचलून धरली की भरड आणि टेकवली की बारीक, जात्यावर बसलेल्या कुणालाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

नवीन घ्यायला जमत नसेल तोवर पात्याच्या ग्राइंडरवर एवढं करा. थोड्याच बिया घाला, बटण एकेक सेकंद दाबा-सोडा, प्रत्येक वेळी भांडं हलवा म्हणजे कडेचं मध्ये येईल. मग बारीक जाळीच्या गाळणीतून चाळा आणि खाली पडलेली धूळ काढून टाका. वाया जाते म्हणून जीव तुटतो, पण तोच कडवटपणा आहे. आणि ही पूड फ्रेंच प्रेससारख्या भिजवायच्या पद्धतीत वापरा, व्ही-साठसारख्या कागद लावायच्या कोन फिल्टरमध्ये नाही.

७. निर्णायक परीक्षा: उसनं दळण

ही माझी सगळ्यात आवडती तपासणी कारण हिने वाद मिटतो. तुमच्याच बिया घेऊन कॉफी भाजणाऱ्याकडे किंवा चांगला ग्राइंडर असलेल्या मित्राकडे जा, तुमच्या पद्धतीला साजेसं दळून आणा, त्याच दिवशी घरी तुमच्याच मशीनवर, तेच पाणी, तेच वजन धरून करा. शेजारी तुमच्या ग्राइंडरच्या दळणाचा कप ठेवा.

उसन्या दळणाचा कप स्वच्छ आणि गोडसर लागला तर दोष ग्राइंडरचा, मशीनला हात लावू नका. दोन्ही कप सारखेच वाईट लागले तर दोष पाण्यात, बियांत किंवा मशीनमध्ये, परत ३, ४, ५ बघा. एका मित्राने एस्प्रेसो मशीन एकदा बदललं होतं, दुसऱ्यांदा बदलायच्या बेतात होता, ही परीक्षा केली आणि जुन्याच मशीनमधून २८ सेकंदांत मधासारखा शॉट उतरला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं चाललं होतं त्याचं इतके महिने, आणि मला वाईट याचं वाटलं की पहिलं मशीन त्याने उगाच काढून टाकलं.

८. ग्राइंडर बर असूनही दोषी निघाला तर

लगेच टाकून देऊ नका. आधी प्लग काढून वरची चकती सोडवा आणि सगळीकडे ब्रश मारा, विशेषतः चकती बसते त्या खोबणीत. माझ्या स्वतःच्या ग्राइंडरला एकदा हेच झालं होतं, साफ करून परत बसवताना खोबणीत कॉफीचा एक कण अडकला, चकती केसभर तिरकी बसली, म्हणजे एका बाजूला फट मोठी आणि दुसऱ्या बाजूला लहान, आणि तीन आठवडे मी बियांना दोष देत होते. काही ग्राइंडरमध्ये मधला नट उलट्या आट्यांचा असतो, जोर लावायच्या आधी मॅन्युअल बघा.

हाताने फिरवायच्या ग्राइंडरमध्ये दांडा धरून आडवा हलवून बघा. बरंच हलत असेल तर तो जाड दळताना चुकणारच, स्वस्तातल्या ग्राइंडरमध्ये दांड्याला एकाच ठिकाणी आधार असतो म्हणून तो डगमगतो. शून्य कुठे आहे तेही तपासा, चकत्या एकमेकींना टेकेपर्यंत आवळा, तिथून मागे किती खटके येता ते मोजून लिहून ठेवा, नाहीतर सेटिंग सरकली तरी कळत नाही.

दातांवरून नख फिरवा, नुसतं अलगद. धार जाणवली नाही, बोथट गोल लागलं, आणि ग्राइंडर पूर्वीपेक्षा जास्त वेळ घेत असेल आणि पूड गरम येत असेल तर चकत्या झिजल्यात. जात्याला टाकी लावून घेतात तशी इथे सोय नाही, चकत्याच नव्या घालाव्या लागतात, आणि हे ग्राइंडर बदलण्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं.

पूड आत अडकून राहणं हाही रोज चव बदलण्याचा एक छुपा मार्ग आहे, कालची दोन ग्रॅम आज बाहेर पडते आणि आजची उद्या. दळताना कण घासून विजेचा भार तयार होतो आणि पूड भिंतींना चिकटते. बिया दळायच्या आधी त्यांवर पाण्याचा एखादा फवारा मारून ढवळा, अगदी थेंबभर. २०२३ साली अमेरिकेत ओरेगन विद्यापीठातल्या संशोधकांनीही दाखवलं की बियांतल्या ओलाव्यामुळे हा भार कमी होतो. चिमूटभर पाण्याने माझ्याकडे अडकणारी पूड बरीच कमी झाली.

९. आता खरेदी, आणि आधी ग्राइंडर

हे सगळं करून ग्राइंडरच घ्यायचा ठरला तर पैशांची वाटणी अशी करा की मोठा वाटा ग्राइंडरला आणि उरलेला मशीनला. उलटं करणारे खूप आहेत कारण मशीन दिसायला देखणं असतं. प्लास्टिकचा साधा कोन फिल्टर आणि चांगला ग्राइंडर ही जोडी मी कुठल्याही दिवशी महाग मशीन आणि पात्याच्या ग्राइंडरपुढे ठेवीन. कागदी फिल्टरचं कामच मुळात साधं आहे, १९०८ मध्ये जर्मनीत मेलिटा बेंट्झ या गृहिणीने मुलाच्या वहीतला टिपकागद लावून तो बनवला, तेव्हापासून त्यातलं तत्त्व तेच आहे.

एक-दोन माणसांसाठी स्टीलच्या चकत्यांचा हाताने फिरवायचा ग्राइंडर घ्या, त्याच पैशात विजेवरचा ग्राइंडर याच्या तोडीचा मिळत नाही कारण तिथे बराच खर्च मोटरवर जातो. दांड्याला दोन ठिकाणी बेअरिंग आहे का विचारा. सिरॅमिक चकत्या कडक असतात पण ठिसूळ, बियांत खडा आला तर टवका उडतो. रोज चार-पाच कप करायचे असतील, किंवा मनगट दुखत असेल, तर विजेवरचा. शंकूच्या चकत्या चांगल्या की सपाट या वादात घरच्या माणसाने पडू नये, चकत्या नीट सरळ बसल्यात का आणि सुट्या मिळतात का हे जास्त महत्त्वाचं. एस्प्रेसोसाठी मात्र फार बारीक आणि अगदी थोडं थोडं हलणारं समायोजन हवं, फिल्टरसाठीचा सगळाच ग्राइंडर तिथे चालत नाही, दोन खटक्यांमधला फरकच १० सेकंदांचा होतो.

मशीन निवडताना एक गोष्ट डोक्यात ठेवा, पद्धती दोन जातीच्या असतात. भिजवायच्या, म्हणजे फ्रेंच प्रेस, एरोप्रेस (दट्ट्याने दाबायची प्लास्टिकची नळी), यात सगळी पूड सगळ्या पाण्यात एकत्र बसते, त्यामुळे दळणातली चूक बरीच पोटात घातली जाते. आणि पाझरायच्या, म्हणजे व्ही-साठ, केमेक्स (कागद लावायचं काचेचं भांडं), ड्रिप, एस्प्रेसो, यात पाणी पुडीतून वाट काढत जातं, आणि दळण असमान असेल तर ते सोपी वाट पकडून एकाच बाजूने पळतं. ग्राइंडर साधाच ठेवायचा असेल तर भिजवायची पद्धत घ्या. त्यातही एरोप्रेस, जो ॲलन ॲडलर यांनी २००५ मध्ये आणला, त्यात कागद असल्यामुळे धूळ कपात येत नाही, नवशिक्याला मी तोच सुचवते. फ्रेंच प्रेस आवडत असेल तर चार मिनिटांनी वरचा थर ढवळून फेस काढा आणि अजून पाच मिनिटं गाळ खाली बसू द्या, जाळी तळापर्यंत दाबू नका, चिखल खालीच राहतो.

मोका पॉट निवडताना आकार नीट बघा कारण तो अर्धा भरून चालत नाही. टोपली पूर्ण भरायची, दाबायची नाही, पाणी सुरक्षा झडपेच्या खालीच ठेवायचं, आच मंद, आणि फुरफुर सुरू झाली की लगेच उतरवायचा, करपट चव त्या शेवटच्या वाफेतूनच येते.

ड्रिप मशीन घेताना पाणी खरोखर किती अंशाला पोचतं आणि ते सगळ्या पुडीवर पसरतं का, की मध्येच खड्डा पाडतं, हे विचारा. खाली तवा असलेल्यापेक्षा थर्मासचं भांडं असलेलं बरं, तव्यावर अर्ध्या तासात कुठलीही कॉफी कडू होते.

एस्प्रेसो मशीनबद्दल थोडंच सांगते. १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंद, ९ बारचा दाब, इथून सुरुवात करा. डब्यावर १५ किंवा २० बार लिहिलेलं असलं तरी त्याने चव वाढत नाही. ग्राइंडर नसेल तर दुहेरी तळाची बास्केट वापरा, तिला एकच बारीक भोक असतं आणि दाब तीच तयार करते, म्हणून विकतची पूडही चालते. एकेरी तळाची बास्केट आणि पात्याचा ग्राइंडर ही जोडी कधीच जमत नाही, कितीही प्रयत्न करा.

थांबायचं कुठे

साफसफाई, डिस्केल, चकत्या बदलणं, एस्प्रेसोच्या तोंडाचा रबर गॅस्केट बदलणं, एवढं घरी करा. यापुढे नाही. ग्राइंडरमधून जळका वास आला, मोटर नुसती गुणगुणते पण फिरत नाही, मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, चालू केलं की घरातला एमसीबी पडतो, किंवा पाणी गळून विजेच्या बाजूला जातंय, तर प्लग काढा आणि तिथेच थांबा. मोटर बसली असेल आणि ती अर्ध्या तासाने आपोआप सुरू झाली तर आतला तापमानाचा संरक्षक स्विच पडला होता, एकदा झालं तर ठीक, परत परत होत असेल तर मेकॅनिक. कव्हर उघडू नका, मोटरचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो.

एस्प्रेसोच्या बॉयलरला, त्याच्या सुरक्षा झडपेला, थर्मोस्टॅटला घरी कधीच हात लावू नका, आत दाबाखाली उकळतं पाणी असतं आणि ते भाजतं तेव्हा सावरायला वेळ मिळत नाही. पंप चालतोय पण पाणी येत नाही आणि डिस्केल करूनही येत नाही, हेही तज्ज्ञाचंच काम. मोका पॉटची झडप गळायला लागली किंवा ती क्षाराने घट्ट बसली असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता तो वापरणं बंद करा. आणि वॉरंटी चालू असेल तर स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करा.

मेकॅनिकला बोलावताना नुसतं "कॉफी चांगली होत नाही" असं सांगू नका, त्याला त्यातून काही कळत नाही आणि तो एखादा भाग बदलून जातो. किती ग्रॅम पूड, किती पाणी, किती सेकंद, पाणी किती अंशाला निघतं, शेवटचं डिस्केल कधी केलं, आणि उसन्या दळणाचा कप कसा लागला, एवढं एका कागदावर लिहून मशीनला चिकटवून ठेवा.